खाणीवर पडलेला पाऊस

खाण म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दगड, धूळ, यंत्रे आणि ट्रकांची रांग उभी राहते. पाणी काही येत नाही. वस्तुतः उघड्या खाणीवर माणसाला सर्वांत अधिक झुंजावे लागते ते पाण्याशीच. गोव्यातील लोहखनिजाच्या खाणींवर कामगार संघटनेच्या कामात आमच्या आयुष्याचा मोठा भाग गेला. पगार, बोनस, अपघाताची भरपाई हे आमचे नेहमीचे विषय. पाणी हा आमचा विषय आहे असे आम्हांला पुष्कळ वर्षे वाटलेच नाही. तो कसा झाला हे पुढे येईलच. आधी मूळ गोष्ट समजून घेऊ : खाणीवर पाऊस पडला म्हणजे नेमके काय होते, आणि ते पाणी नदीत जाण्यापूर्वी निवळ कसे करावयाचे?

हा प्रश्न खाणीजवळच्या चार गावांचा, शहरात राहणाऱ्यांना त्याचे काय, असे कोणी म्हणेल. तर फोंडा आणि पणजी या बाजूला नळाने जे पाणी येते, त्याचा मोठा भाग खांडेपार नदीवरील ओपा येथे उचलून शुद्ध केलेला असतो. आणि त्याच नदीच्या वरच्या अंगाला खाणींचा प्रदेश आहे. डोंगरावरची माती आणि शहरातला नळ यांच्यामध्ये असते ती एक नदी. तेव्हा हा विषय आपणा सर्वांचा आहे.

प्रथम थोडा हिशेब करू. आम्ही शाळेत फार शिकलो नाही. पण या हिशेबाला गुणाकारापलीकडे काही लागत नाही. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी दहा घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटर भरते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. तो सारा साचून राहिला तर उभ्या माणसाच्या डोक्यावरून जाईल. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पडणे ही तिथे नवलाची गोष्ट नाही. समजा, एका खाणीचा पसारा १०० हेक्टरांचा आहे. अशा एका दिवसात त्या खाणीवर एक लाख घनमीटर, म्हणजे दहा कोटी लिटर पाणी पडते. हे पाणी कोणी बोलावलेले नसते आणि ते कोणाची परवानगी मागत नाही. त्याला वाट हवी असते. आपण वाट दिली नाही तर ते आपली वाट करून घेते.

आता हाच पाऊस रानावर पडला तर काय होते ते पाहा. थेंब आधी पानावर आपटतो, त्याचा जोर तिथेच मोडतो. मग तो पाचोळ्यात उतरतो, मुळांच्या वाटेने जमिनीत मुरतो, आणि उरलेले पाणी सावकाश ओढ्याला जाऊन मिळते. खाणीवर झाड नाही, पाचोळा नाही. माती उकरलेली, आणि रस्ते ट्रकांच्या चाकांखाली दाबून दगडासारखे झालेले. थेंब सरळ उघड्या मातीवर आपटतो, तिचे कण सुटे करतो, आणि मुरायला जागा नसल्याने ते कण घेऊन उतारावरून धावत सुटतो.

यात आणखी एक भर असते. गोव्यात एक टन लोहखनिज मिळवण्यासाठी साधारण दोन ते तीन टन, कधी त्याहूनही अधिक माती आणि दगड बाजूला काढावे लागतात. खाणीवर याला 'रिजेक्शन' म्हणतात आणि त्याचा जो डोंगर उभा राहतो त्याला 'डंप'. निसर्गाने उभा केलेला डोंगर हजारो वर्षे बसलेला असतो. हा डोंगर दोनचार वर्षांपूर्वी ट्रकांनी ओतलेला. याच्या अंगावर गवताची काडी नसेल, तर पहिल्याच पावसात त्याला चिरा पडतात, चिरांच्या घळी होतात आणि घळींतून लाल पाणी खाली येऊ लागते.

त्या लाल पाण्यात माती असते तरी किती? मघाच्या एक लाख घनमीटरांपैकी साठ हजार घनमीटर पाणी वाहून खाली आले आणि त्याच्या प्रत्येक लिटरमध्ये दोनच ग्रॅम माती आहे असे धरू. दोन ग्रॅम म्हणजे चिमूटभर. पण बेरीज केली तर एका दिवसात १२० टन माती खाणीबाहेर गेली. दहा टनांचे बारा ट्रक कोणी भरदिवसा गावच्या शेतात नेऊन ओतले असते तर दंगल झाली असती. पाणी तेच काम गुपचूप करते.

याला उपाय आहे का? आहे, आणि तो कोणा एका देशाचे गुपित नाही. त्याचे चार भाग करता येतात.

पहिला भाग म्हणजे चांगले पाणी चांगलेच ठेवणे. खाणीच्या वरच्या अंगाला जे रान असते, तिथून येणारे पाणी मुळात निवळ असते. ते खाणीत शिरले की गढूळ होते. म्हणून खाणीच्या माथ्याभोवती चर खणून ते पाणी बाहेरच्या बाहेर ओढ्याला लावून द्यावयाचे. गळ्यातल्या माळेसारखा हा चर खाणीला वेढून असतो, म्हणून कामगार त्याला इंग्रजीतल्याच नावाने 'गारलँड ड्रेन' म्हणतात. जे पाणी घाण झालेच नाही ते स्वच्छ करण्याचा खर्च नाही. खाणीवरच्या पाण्याच्या साऱ्या शास्त्रात यापेक्षा स्वस्त उपाय दुसरा नाही, आणि सर्वांत आधी दुर्लक्ष होते ते याच्याकडेच. चर गाळाने भरला, त्यात एखादे झाड आडवे पडले, की वरचे सगळे पाणी खाणीत.

दुसरा भाग म्हणजे पाण्याचा वेग मोडणे. पाणी जितके जोरात धावते तितकी अधिक आणि अधिक जड माती ते उचलते. म्हणून डंपचा उतार एकसंध ठेवावयाचा नाही. त्याला पायऱ्या पाडावयाच्या, आणि प्रत्येक पायरीचा कल आतल्या बाजूला ठेवावयाचा, म्हणजे पाणी कडेवरून खाली कोसळणार नाही. पायथ्याशी दगडांची भिंत हवी, जी पाणी झिरपू देईल पण माती अडवील. उतारावर काथ्याच्या चटया अंथराव्या, गवत लावावे. आपला वाळा या कामी फार उपयोगी आहे. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खोल जातात आणि माती शिवून टाकतात. कोकणातला शेतकरी डोंगरउतारावर पायऱ्यांची शेती करतो आणि दगडी बांध घालतो, ती याच नियमाने. त्याने आपल्या वाडवडिलांकडून जे घेतले, ते खाणीवाल्यांना इंजिनियरकडून घ्यावे लागते, एवढाच फरक.

तिसरा भाग म्हणजे पाणी निवळणे. चर आणि भिंती यांतून सुटलेले गढूळ पाणी तळ्यांत घ्यावयाचे आणि तिथे त्याला थांबवून गाळ खाली बसू द्यावयाचा. इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुष्कळ फसगत इथेच होते. सगळी माती सारख्या वेगाने बसत नाही. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा रेतीचा कण एक मीटर पाण्यातून दोनेक मिनिटांत तळाला जातो. त्याच्या दहापट बारीक कणाला त्यासाठी पावणेतीन तास लागतात. आणि आणखी दहापट बारीक, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाएवढा चिकणमातीचा कण अकरा-बारा दिवस घेतो! कण दहापट बारीक झाला की बसण्याचा वेळ शंभरपट वाढतो, असा हा नियम आहे.

याचा अर्थ काय? मघाचे साठ हजार घनमीटर पाणी दिवसभर सारख्या ओघाने येत आहे असे धरले, तर मधल्या आकाराचे कण बसवण्यासाठी सुमारे पाऊण हेक्टर पृष्ठभागाचे तळे पुरेल. पण सर्वांत बारीक कणांसाठी सत्तर हेक्टरांचे तळे लागेल, म्हणजे जवळजवळ खाणीएवढेच. ते शक्य नाही. आणि गोव्याच्या खाणींत चिकणमातीला तोटा नाही. शिवाय पाऊस सारख्या ओघाने येतो कुठे? दिवसभराच्या पावसाचा मोठा वाटा तासा-दोन तासांत कोसळून जातो. म्हणून तळे एकच मोठे न करता एकापुढे एक तीन-चार करावी लागतात : पहिल्यात रेती, दुसऱ्यात तिच्याहून बारीक माती, असे टप्प्याटप्प्याने. त्यात पाणी एका टोकाने शिरून लांब वळसा घेऊन दुसऱ्या टोकाने बाहेर पडले पाहिजे. शिरण्याची आणि निघण्याची तोंडे जवळजवळ असली, तर तळे कितीही मोठे असो, पाणी आले तसे निघून जाते.

उरलेल्या अतिसूक्ष्म कणांसाठी जे करतात ते आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळले की आजीबाई हंड्यात तुरटी फिरवीत, किंवा निवळीचे बी सहाणेवर उगाळून घालीत. त्यातले शास्त्र असे : चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि तरंगत राहतात. तुरटीतील ॲल्युमिनियम हा भार मारून टाकते. मग कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि जड होऊन तळाला जातात. खाणीच्या तळ्यावर हेच मोठ्या प्रमाणावर करता येते. पण मात्रा मोजून घालावी लागते. अधिक घातली तर पाण्याची आम्लता वाढते आणि नव्या दुखण्याला आमंत्रण मिळते.

चौथा भाग म्हणजे तपासून सोडणे. नदीनाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यासाठी आपल्या देशातील सर्वसाधारण मानकाप्रमाणे, एका लिटरमध्ये तरंगता गाळ १०० मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. म्हणजे ग्रॅमचा दहावा हिस्सा. मघाच्या हिशेबातली १२० टन माती या मर्यादेत आणली तर ६ टनांवर येते. तपासणी कशी करतात? पाणी गाळून, गाळणीवरचा साका सुकवून, नाजूक काट्यावर तोलून. हे प्रयोगशाळेचे काम. पण आम्ही कामगारांना याहून साधी सवय लावली : काचेच्या बाटलीत पाणी भरा आणि मागे छापील कागद धरा. अक्षरे दिसत नसतील, तर प्रयोगशाळेचा अहवाल येण्याची वाट न पाहता मुकादमाला सांगा.

खाणीच्या तळाशी जे पाणी साचते त्याचाही विचार याच रीतीने करावा लागतो. खाण खोल गेली म्हणजे भूजलाच्या पातळीखाली उतरते. मग पावसाचे पाणी वरून आणि झऱ्यांचे खालून येते. ते पंपाने उपसावे लागते. तळातला गाळ ढवळून उपसले तर तेही लालच निघते. खड्ड्यातच एका कोपऱ्यात साचवून, निवळल्यावर वरच्या थरातले उपसले तर ते शेतीलाही चालते. मात्र एवढा उपसा चालू असला म्हणजे भोवतालच्या विहिरींची पातळी मोजत राहिले पाहिजे.

सर्व खाणींचे दुखणे एक नसते हेही इथेच सांगून ठेवतो. गोव्याचे लोहखनिज हे ऑक्साइड, म्हणजे एक प्रकारे निसर्गानेच गंजवलेले लोखंड. तिथे मुख्य शत्रू गाळ. जिथे कोळशात किंवा धातुकांत गंधकयुक्त माक्षिक असते, तिथे हवा आणि पाणी लागताच त्यापासून आम्ल तयार होते, आणि ते पाणी दिसायला नितळ असूनही मासे मारते. तिथे बाटलीची परीक्षा चालणार नाही. आम्लता मोजावी लागते आणि चुनखडीने ती मारावी लागते.

आता आमच्या स्वतःच्या चुकीविषयी. पंचवीसएक वर्षे झाली. डिचोली तालुक्यातील एका खाणीवर बोनसची बोलणी चालू होती. जूनच्या अखेरीस दोन कामगार आमच्याकडे आले आणि म्हणाले, "खालच्या तळ्याच्या बांधाला चीर गेली आहे. तळे गाळाने अर्धे भरले आहे. मे महिन्यात ते उपसलेच नाही." आम्ही त्यांना काय सांगितले? "तो व्यवस्थापनाचा प्रश्न. आता बोलण्यांच्या वेळी नवे भांडण नको." आषाढातल्या एका रात्री बांध गेला. सकाळी पाहिले तर खालच्या खाचरांत, नुकत्याच लावलेल्या भातावर, घोट्याएवढा लाल गाळ. त्या दोघांपैकी एकाच्या चुलत्याचे शेत त्यातच होते. तो म्हातारा आमच्यापाशी येऊन रागावला नाही. एवढेच म्हणाला, "पगार वाढला की तुम्ही गावात येऊन सांगता. बांध कच्चा आहे, हे का नाही सांगितलेत?" याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. असा गाळ सुकला की त्याचा घट्ट थर बसतो, खालच्या मातीला हवा मिळत नाही, आणि तो खरवडून काढल्याशिवाय शेत शेत राहत नाही. त्या वर्षी बोनस मिळाला. त्यातला काही भाग ते शेत खरवडण्यात गेला असेल, तर तो हिशेब आम्ही कोणालाच विचारला नाही.

त्या दिवसापासून आमचे एक मत बनले, आणि हा सगळा विषय आम्ही त्यासाठीच मांडला : खाणीचे पाणी नकाशाने निवळत नाही, ते हातांनी निवळते. चर, भिंती, तळी यांचे आराखडे कागदावर असतातच; परवानगीसाठी ते द्यावेच लागतात. प्रश्न असतो तो मृग लागण्यापूर्वी तळी उपसली का, चर साफ झाले का, आणि भर पावसात रात्री दोन वाजता बांधावरून कंदील घेऊन कोण फिरतो, हा. पावसाळ्यात खोदकाम मंदावते, म्हणून कंत्राटी कामगारांना घरी धाडतात. म्हणजे ज्या चार महिन्यांत पाणी कामावर हजर होते, नेमक्या त्याच चार महिन्यांत माणूस गैरहजर! यात बचत दिसते. पण ती बचत शेतकऱ्याच्या खाचरातून आणि शहराच्या नळातून वसूल होते. म्हणून आम्ही पुढे मागणी धरली ती अशी की, पावसाळी टोळी कायम पगारावर ठेवा. चर, बांध आणि तळी हेच तिचे काम. आणि बांधाला चीर दिसल्यास वर कळवणाऱ्या कामगारावर ठपका येता कामा नये. काही ठिकाणी हे मान्य झाले, काही ठिकाणी झाले नाही.

यात शेतकऱ्याचे हित आहे तसेच कामगाराच्या जिवाचेही आहे. ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथे, लोहखनिज धुतल्यावर उरणारा गाळ ज्या बांधाआड साठवला होता, तो २५ जानेवारी २०१९ रोजी दुपारी फुटला. आत पाण्याचा निचरा नीट होत नव्हता. पाण्याने भरलेला गाळ क्षणात पातळ होऊन वाहू लागला. त्याच्या वाटेवरच खाणीचे कार्यालय आणि उपाहारगृह होते, आणि वेळ जेवणाची होती. २७० माणसे गेली. त्यांतील बहुतेक खाणीवर काम करणारी होती. बांधाच्या खाली सर्वांत जवळ कोण बसतो, हे यावरून कळावे.

आमचे काही सहकारी म्हणत, आणि अजूनही म्हणतात, की पाण्याविषयी फार बोललात तर खाण बंद पडेल आणि पोटावर पाय येईल. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातील खाणकाम थांबले. २०१४ च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाने ते मर्यादेसह चालू करण्यास वाट दिली. पुन्हा २०१८ च्या मार्चमध्ये न्यायालयाच्याच निकालाने ते बंद झाले. ट्रक दारात उभे राहिले, कर्जाचे हप्ते चुकले. ती घरे आम्ही पाहिली. या बंदीची कारणे कायद्याची होती, पट्ट्यांच्या मुदती आणि नूतनीकरणाची होती, हे खरे. पण खाण बंद झाली तेव्हा गावातून जो आवाज उठावयास हवा होता, तो पुष्कळ ठिकाणी उठला नाही. ज्याच्या खाचरात आपला गाळ गेला, तो आपल्या मोर्चात का येईल? पाण्याविषयी बोलल्याने रोजगार धोक्यात आला नाही. न बोलल्याने आम्ही शेजारी गमावला, आणि संकटात एकटे पडलो.

पुढे पट्ट्यांचे लिलाव झाले आणि २०२४ पासून काही ठिकाणी काम पुन्हा सुरू झाले. जुने डंप मात्र मधल्या काळातही होते तिथेच होते. खाण थांबली म्हणून पाऊस थांबत नाही, आणि डंपची राखण थांबवून चालत नाही. तेव्हा नव्याने आरंभ करताना नवी रीतही घालता येईल. तळ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे आकडे कचेरीच्या फायलीत न ठेवता पंचायतीच्या फळ्यावर लिहावेत. मे महिन्याच्या अखेरीस खाणीचा अधिकारी, कामगारांचा प्रतिनिधी आणि गावचा शेतकरी अशा तिघांनी मिळून चर आणि बांध पाहावेत. याला खर्च जवळजवळ नाही. लागते ती एकमेकांसमोर उभे राहण्याची तयारी.

आणि शहरातल्या आपण मंडळींनी काय करावे? पुढच्या पावसाळ्यात नदीवरच्या पुलावरून जाताना क्षणभर थांबून खाली पाहावे. पावसात नदी थोडी गढूळ होणारच. पण पाऊस ओसरून चार दिवस झाले तरी पाणी लालच असेल, तर वर कुठे तरी एखादा चर बुजला आहे, एखादे तळे भरले आहे आणि एखाद्या टोळीला घरी पाठवले आहे, अशी शंका घेण्यास जागा आहे. ती शंका आपल्या नगरपालिकेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी विचारावी. बांधावर कंदील घेऊन फिरणाऱ्या माणसाला आपल्यामागे शहर जागे आहे एवढे कळले, तरी तो चीर लपवणार नाही.